लेट्रोझोल: कॅन्सरलाही तीच, दिवस राहायलाही तीच?

पडवीतली

नमस्कार मंडळी. आमच्या घरात सध्या एका गोळीवरून रण पेटलंय, म्हणून हा धागा.

सासूबाई 61 वर्षांच्या. आम्ही गुहागर तालुक्यातले. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, केमो लागली नाही. रिपोर्टमध्ये इआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह, पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-टू (पेशीवरचं एक प्रथिन) निगेटिव्ह. आता रोज लेट्रोझोल 2.5 ची एक गोळी, पाच वर्षं घ्यायची आहे. सुरुवातीला काही जाणवलं नाही. आता मात्र सकाळी बोटं वळत नाहीत, विळीवरून उठताना भिंत धरावी लागते.

नणंद चिपळूणला असते. तिला पीसीओडी आहे, दोन वर्षं मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. तिला पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायला गोळी दिलीय. गणपतीला ती घरी आली, पर्समधून पाकीट काढलं आणि सासूबाईंनी चष्मा लावून नाव वाचलं. लेट्रोझोल! त्यांचं म्हणणं, "एकाच गोळीनं माझा कॅन्सर मरतो नि हिला मूल होतं, हे कसं? दोघींतल्या एकीला कुणीतरी फसवतंय." त्या दिवसापासून त्यांनी गोळी डब्यात ठेवलीय. नणंदही घाबरलीय की आपल्याला कॅन्सरचं औषध का दिलं.

"डॉक्टरांना विचारा" एवढंच सांगू नका. विचारणारच आहोत, पण तारीख दिवाळीनंतरची आहे. तोवर सासूबाईंना पटेल असं काहीतरी हवंय.

संकासुर

बंद केली ते बरं केलं. हॉर्मोनच्या गोळ्या पोटात ढकलल्या की सांधे जाणारच. कंपन्यांना काय, पाच वर्षांचं गिऱ्हाईक मिळतं. आमच्याकडे एकीनं शतावरी आणि गुळवेल सुरू केलं, एकदम ठणठणीत आहे.

मालवणी_झील

माझ्या आवशीक पण हीच गोळी हा. सांधे दुखतत ता खराच. पण बंद कधी केल्यान नाय. वहिनी, डब्यातली गोळी आधी भायर काढा, मगे चर्चा करूया.

केळशीकर

आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं, आता दापोली तालुक्यात बागायत करतो. सवडीनं लिहितो, कारण सासूबाईंचा प्रश्न खरोखर चांगला आहे. वर्गातली मुलंही तो विचारायची नाहीत.

आधी संकासुरांचं. ही हॉर्मोनची गोळी नव्हे. हॉर्मोन तयार होऊ न देणारी गोळी आहे. घराघरांत दोन्हीला 'हॉर्मोनची गोळी' म्हणतात आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन थेट तयार होत नाही. आधी अँड्रोजेन बनतात, म्हणजे ज्यांना आपण पुरुषी हॉर्मोन म्हणतो ते. मग अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम त्यांचं रूपांतर करतं: अँड्रोस्टीनडायोनपासून इस्ट्रोन, टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्राडायॉल. इस्ट्रोजेन बनण्याची ही शेवटची पायरी. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही तीन औषधं याच पायरीवर बसतात, म्हणून त्यांना अरोमाटेज इनहिबिटर, म्हणजे अरोमाटेज अडवणारी औषधं, म्हणतात.

पाळी चालू असेपर्यंत हे काम मुख्यतः बीजांडकोशात चालतं. पाळी गेली की बीजांडकोश थंडावतात, पण इस्ट्रोजेन शून्यावर येत नाही. मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी अँड्रोजेन बनवत राहतात आणि चरबी, स्नायू, यकृत, त्वचा, खुद्द स्तनातल्या पेशी, सगळीकडे थोडं थोडं अरोमाटेज असतं. ते त्या अँड्रोजेनचं इस्ट्रोजेन करतं. वजन जास्त असेल तर चरबीतलं हे उत्पादनही वाढतं. साठीनंतर स्तनाच्या ऊतीतलं इस्ट्रोजेन रक्तातल्यापेक्षा बरंच जास्त असू शकतं.

आता इआर पॉझिटिव्ह म्हणजे काय, तर त्या गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन ओळखणारे रिसेप्टर आहेत आणि इस्ट्रोजेन मिळालं की त्या वाढतात. जगभरात स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण 70 टक्के या जातीचे. ऑपरेशननंतर कुठेतरी एखादी पेशी दडून राहिली असेल तर तिला हे खाद्य मिळू नये, एवढ्यासाठी पाच वर्षं गोळी.

सासूबाईंना असं सांगा. पोफळीच्या बागेत पाटानं पाणी जातं. टॅमॉक्सिफेन हे जुनं औषध प्रत्येक आळ्याचं तोंड बुजवतं: पाणी पाटात आहे, पण झाडाला लागत नाही. लेट्रोझोल वरच पाणी अडवतं, पाटच कोरडा. आधुनिक गोळ्यांनी शरीरातलं अरोमाटेजचं काम 96 टक्क्यांहून जास्त बंद पडतं. एवढी छोटी गोळी, पण काम भारी.

नणंदेच्या गोळीचं कुणा स्त्रीरोगतज्ज्ञानं लिहावं, मी त्यात हात घालत नाही.

ओवळीचं_फूल

मी कुडाळला स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, घालते हात.

पडवीतली, दोघींतल्या कुणालाही फसवलेलं नाही. गोळी तीच, काम तेच, पण शरीर वेगळं.

तुमच्या नणंदेचे बीजांडकोश चालू आहेत, फक्त बीज वेळेवर फुटत नाही. मेंदूचा सतत हिशेब चालू असतो: रक्तात इस्ट्रोजेन किती आहे? पुरेसं असेल तर तो एफएसएच हे बीज वाढवणारं हॉर्मोन कमी सोडतो. आपण पाच दिवस लेट्रोझोल दिलं की इस्ट्रोजेन एकदम उतरतं. मेंदूला वाटतं, अरे, बीजांडकोश कामचुकारपणा करतायत. तो एफएसएच वाढवतो. त्या रेट्यानं एखादं बीज वाढायला लागतं. पाच दिवसांनी गोळी बंद. लेट्रोझोलचं अर्धं प्रमाण साधारण दोन दिवसांत शरीरातून जातं, त्यामुळे बीज फुटून गर्भ रुजायची वेळ येईपर्यंत ती जवळजवळ निघून गेलेली असते. वाढणारं बीज पुन्हा स्वतः इस्ट्रोजेन बनवतं आणि मेंदू एफएसएच आवरतो. म्हणून बहुतेक वेळा एकच बीज पुढे जातं, जुळ्यांची शक्यता आटोक्यात राहते.

सासूबाईंच्या शरीरात मेंदूनं कितीही ओरडा केला तरी बीजांडकोश उठत नाहीत. त्यामुळे इस्ट्रोजेन खाली ते खालीच. आणि गोळी पाच दिवस नाही, रोज.

घाबरण्याला एक इतिहास आहे, तोही सांगते. 2005 मध्ये एका परिषदेत लेट्रोझोलनंतर जन्मलेल्या मुलांत व्यंग जास्त दिसल्याचं सांगितलं गेलं. संख्या लहान होती, तुलनाही नीट नव्हती. पुढच्याच वर्षी नऊशेहून जास्त बाळांचा अभ्यास आला, त्यात तसं काही आढळलं नाही. तरी आपल्याकडे ऑक्टोबर 2011 मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला बंदी आली. ती 2017 मध्ये उठली. मधल्या काळात, 2014 मध्ये, अमेरिकेतला पीसीओएस (पीसीओडीलाच असंही म्हणतात) असलेल्या 750 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: लेट्रोझोल घेणाऱ्यांत 27.5 टक्क्यांना मूल झालं, बीज फुटण्यासाठीच्या जुन्या क्लोमिफेन गोळीवाल्यांत 19.1 टक्क्यांना. आज पीसीओएसमध्ये बीज फुटत नसेल तर पहिली गोळी हीच.

नणंदेला एकच सांगा. प्रत्येक खेपेला गोळी सुरू करण्याआधी दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करायची. गर्भ असताना हे औषध चालत नाही.

पडवीतली

ताई, केळशीकर काका, हे सगळं मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. पाटाचं लगेच पटलं. नणंदेचं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे हिच्या मेंदूला थोडा धाक दाखवायचा तर!" पण बोटांचं काय, हा प्रश्न तसाच आहे. गोळी अजून डब्यातच आहे.

सुरंगी

मी स्वतः रुग्ण आहे, वय 44, सावंतवाडीची. उपचार गोव्याला, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात चालू आहेत. ओवळीच्या फुलाला विचारायचं आहे. केमोत माझी पाळी थांबली, आठ महिने झाले आली नाही. मला टॅमॉक्सिफेन चालू आहे. शेजारच्या काकूंना लेट्रोझोल आहे आणि ते 'नवीन, जास्त चांगलं' असं त्यांच्या मुलानं सांगितलं. पाळी गेलीच आहे तर मी पण बदलून मागू का?

ओवळीचं_फूल

सुरंगी, स्वतःहून अजिबात नको. या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कदाचित हेच असेल, म्हणून थोडं लांबवते.

केमोनं पाळी थांबली म्हणजे ती कायमची गेली असं नसतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी बीजांडकोश पुन्हा जागे होण्याची शक्यता असते, कधी वर्षभरानंतरही. आणि नणंदेचं वाचलंत ना वर? जागे होऊ शकणाऱ्या बीजांडकोशांना लेट्रोझोल एकटं दिलं तर तेच घडणार. मेंदू एफएसएच वाढवणार, बीजांडकोश कामाला लागणार आणि इस्ट्रोजेन कमी होण्याऐवजी वर जाणार. अशा वेळी पाळी परत आलेल्या, अगदी दिवसही राहिलेल्या बायका वैद्यकीय नोंदींत आहेत.

तरुण वयात अरोमाटेज इनहिबिटर देतातच, पण बीजांडकोश बंद करून. त्यासाठी गोसेरेलिनसारखं इंजेक्शन, बहुधा दर 28 दिवसांनी पोटाच्या कातडीखाली, नाहीतर ऑपरेशननं बीजांडकोश काढायचे. कुणाला ते द्यायचं हे गाठीचं स्वरूप, वय, केमो झाली की नाही यावर ठरतं. टॅमॉक्सिफेन तुमच्यासाठी कमअस्सल औषध नाही. ते बीजांडकोश चालू असोत वा बंद, दोन्हीकडे काम करतं.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यांत वारंवार दिसते. चाळिशीच्या आत 'पिशवी काढलेली' असते. आता पाळी नाही म्हणून बाई सांगते, माझं सगळं संपलं. पण पिशवी काढली म्हणजे बीजांडकोश काढले असं नव्हे! ते आत ठेवलेले असतील तर पुढची कित्येक वर्षं काम करत राहतात. कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटताना त्या जुन्या ऑपरेशनचा कागद शोधून न्या. कागद नसेल तर सोनोग्राफी आणि रक्तातलं एफएसएच, इस्ट्राडायॉल बघून ठरवतात. इस्ट्राडायॉलची नेहमीची तपासणी फार खालच्या पातळीवर अचूक नसते, म्हणून एका आकड्यावर कुणी निर्णय घेत नाही.

सुरंगी

बरं झालं विचारलं. माझ्या आईची पिशवी पस्तिशीतच काढलीय, कागद वगैरे काही नाही. तिला काही आजार नाही, पण माहीत असलेलं बरं.

संकासुर

ठीक आहे, माझा शब्द मागे नाही पण प्रश्न पुढे. शतावरीला काय हरकत? ती तर बायकांचंच औषध.

केळशीकर

तीच हरकत. शतावरीत इस्ट्रोजेनसारखा परिणाम करू शकतील अशी द्रव्यं असल्याचं मानलं जातं. एका हातानं पाट कोरडा करायचा आणि दुसऱ्या हातानं कळशी ओतायची, असा प्रकार नको. इआर पॉझिटिव्ह रुग्णानं अशी चूर्णं आणि 'पाळी जाताना' म्हणून विकली जाणारी टॉनिकं कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. जेवणातल्या सोयाबीनचा धसका मात्र घ्यायचं कारण नाही.

कंपन्यांबद्दल म्हणालात ते. ही औषधं आज जेनेरिकमध्ये मिळतात, त्यातल्या नफ्यासाठी कुणी कट करावा असं काही उरलेलं नाही. आणि यामागची कल्पना कंपन्यांच्याही आधीची. 1896 मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की बीजांडकोश काढल्यावर स्तनाचा पसरलेला कॅन्सर आक्रसला. तेव्हा इस्ट्रोजेन हा शब्दही रूढ नव्हता. पुढे अमिनोग्लुटेथिमाइड आलं. मुळात फिटचं औषध. ते अॅड्रिनल ग्रंथी दाबतं म्हणून 1966 मध्ये अमेरिकेत बाजारातून काढलं आणि मग तोच दोष कॅन्सरसाठी वापरला. पण ते कॉर्टिसोल हे शरीराला लागणारं हॉर्मोनही दाबायचं, सोबत हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागे, रुग्णाला गुंगी यायची. फक्त अरोमाटेजला धरणारं औषध हवं हा ध्यास अँजेला ब्रोडी या बाईंनी घेतला. त्यांच्या फॉर्मेस्टेननं वाट उघडली. ते स्नायूत टोचावं लागे. मग आल्या सध्याच्या गोळ्या. अमेरिकेत अॅनास्ट्रोझोलला मान्यता 1995 मध्ये, लेट्रोझोलला 1997, एक्झेमेस्टेनला 1999.

उपयोग किती, तर तोही मोजलेला आहे. 2015 मध्ये जवळपास 32,000 बायकांच्या चाचण्या एकत्र करून बघितल्या. पाळी गेलेल्या बायकांत पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांपैकी दहा वर्षांत 14.2 टक्के स्तनाच्या कॅन्सरनं दगावल्या, पाच वर्षं अरोमाटेज इनहिबिटर घेणाऱ्यांपैकी 12.1 टक्के. फरक दिसायला लहान आहे. पण टॅमॉक्सिफेननं स्वतःच मृत्यू बरेच कमी केलेले असतात, त्याच्यावर हा फायदा आहे.

जिम_आणि_सोलकढी

थोडं विषयांतर. रत्नागिरीला आमच्या जिममध्ये दोघं-तिघं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात आणि बरोबर अॅनास्ट्रोझोल खातात. "छाती बायकांसारखी होऊ नये म्हणून" असं म्हणतात. ती हीच गोळी का?

केळशीकर

हीच. बाहेरून भरमसाट टेस्टोस्टेरॉन घेतलं की पुरुषाच्या शरीरातलं अरोमाटेज त्याचं इस्ट्रोजेन करतं आणि स्तन वाढतात. ते अडवायला ही गोळी. म्हणजे एक उपद्व्याप झाकायला दुसरा. खेळाडूंसाठी अरोमाटेज इनहिबिटर जागतिक प्रतिबंधित यादीत आहेत, तुमच्यापैकी कुणी स्पर्धेत उतरत असेल तर त्याला सांगा.

पुरुषाला इस्ट्रोजेन नकोच, हा समजच खोटा. जन्मतः अरोमाटेज नसलेले मोजके पुरुष वैद्यकाला माहीत आहेत: विशीनंतरही हाडांची टोकं जुळलेली नाहीत, उंची वाढतेच आहे, आणि हाडं मात्र ठिसूळ. पुरुषाची हाडंही इस्ट्रोजेनवरच घट्ट राहतात. तुमच्या दोस्तांना दंड दिसतो, मणका दिसत नाही.

मालवणी_झील

दंड दिसता, मणको दिसणा नाय! ह्या जिमच्या भिंतीर लिवूक व्हया.

थोरली_आक्का

आता मूळ प्रश्नाकडे वळा रे, सांध्यांकडे. मी अॅनास्ट्रोझोलची पाच वर्षं पूर्ण केली. अनुभवाचं सांगते.

सकाळची आखडण सगळ्यात वाईट. उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची उघडझाप करायचे, मगच चहा. पहिलं वर्ष जड गेलं, पुढे अंगवळणी पडलं. नुसतं बसून राहिलं की जास्त दुखतं, हे नक्की. मी संध्याकाळी पुळणीवरून चालायला लागले. डॉक्टरांनी एक महिना गोळी थांबवून बघितली, मग दुसऱ्या नावाची दिली. तिनं मला कमी त्रास झाला. ते सगळं त्यांना सांगून, आपल्या मनानं नव्हे.

आणि एक, जे कुणी बोलत नाही. खालचा कोरडेपणा. लघवीला जळजळ, नवऱ्याजवळ जाणं नकोसं. मला वाटायचं वयच झालं. डॉक्टरीणबाईंनी आपणहून विचारलं तेव्हा कळलं की हाही गोळीचाच परिणाम. लाजू नका बायांनो, विचारा.

ओवळीचं_फूल

आक्का, हे लिहिलंत म्हणून आभार. ओपीडीत हे सांगायला बायका दार लोटून घेतात. पाण्यावर आधारित जेल किंवा मॉइश्चरायझर आधी वापरायचं. खोबरेल अनेकींना सोसतं, फक्त निरोध वापरत असाल तर तेलानं रबर फाटतं. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मात्र मेडिकलमधून परस्पर आणू नका. थोडं रक्तात जातं आणि अरोमाटेज इनहिबिटरवर असताना तेवढंही मोजावं लागतं. तो निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांचा.

सांध्यांबद्दल: हे दुखणं म्हणजे संधिवात नव्हे, सांधा झिजत नाही. इस्ट्रोजेन एकदम उतरल्यामुळे होतं, आणि गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणींना कमी-जास्त होतं. सगळ्यात भरवशाचा उपाय व्यायाम. अमेरिकेत 121 बायकांवर केलेल्या एका चाचणीत आठवड्याला 150 मिनिटं चालणं आणि दोनदा वजनाचे व्यायाम दिले होते. वर्षभरात त्यांचं दुखणं सुमारे 29 टक्क्यांनी उतरलं, व्यायाम न केलेल्यांचं जवळपास तसंच राहिलं. वजनाला डंबेल लागत नाही, पाण्यानं भरलेल्या बाटल्या चालतात. त्यानं भागलं नाही तर ड्युलोक्सेटिनसारखी दुखण्यावरची औषधं आहेत, गोळी बदलणं आहे. तेही नाही जमलं तर टॅमॉक्सिफेनकडे जाता येतं. तेव्हा 'ही सोसा नाहीतर सोडा' अशी दोनच दारं नाहीत.

संकासुर

टॅमॉक्सिफेनला सांध्यांचा त्रास कमी, मग सरळ तेच का देत नाहीत?

केळशीकर

कारण तेही निरुपद्रवी नाही. अॅनास्ट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेनची समोरासमोर तुलना करणारी 'एटॅक' नावाची मोठी चाचणी झाली. सांधेदुखी अॅनास्ट्रोझोलवर 35.6 टक्के, टॅमॉक्सिफेनवर 29.4. म्हणजे त्या वयात टॅमॉक्सिफेनवरही कमी जणींचं दुखत नव्हतं, हे बघा. हाड मोडणं 11 विरुद्ध 7.7 टक्के, इथेही टॅमॉक्सिफेन बरं. पण शिरेत रक्ताची गुठळी 2.8 विरुद्ध 4.5, आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर 0.2 विरुद्ध 0.8, इथे टॅमॉक्सिफेन वाईट. ज्या बाईला आधी पायात गुठळी झालीय तिला टॅमॉक्सिफेन देताना डॉक्टर बिचकतात. जिची हाडं आधीच पोकळ, तिला इनहिबिटर देताना. दोन्ही एकत्र दिल्यानं मात्र फायदा होत नाही, तोही गट त्याच चाचणीत होता आणि तो बंद करावा लागला.

पडवीतली

सासूबाईंनी काल रात्री गोळी घेतली! मधल्या दिवसांच्या राहिलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या का, असं विचारतायत. आणि जेवणाआधी की नंतर?

केळशीकर

छे छे, एकदम नाहीत. राहिलेल्या सोडून द्यायच्या, रोजची एक चालू ठेवायची. मध्ये खंड पडला हे तारखेला डॉक्टरांना सांगायचं, लपवायचं नाही.

लेट्रोझोल आणि अॅनास्ट्रोझोल जेवणाआधी-नंतर कधीही चालतात, वेळ मात्र एक ठेवा. एक्झेमेस्टेन तेवढी जेवणानंतर घ्यायची, पोटात अन्न असलं की ती नीट शोषली जाते.

मालवणी_झील

हाडांचा काय मगे? आवशीक कॅल्शियमच्या गोळ्ये दिल्यानी हत, ती खायत नाय. म्हणता बांगडो खातंय तो काय फुकट?

ओवळीचं_फूल

बांगडा फुकट नाही हो, पण कॅल्शियम काट्यात असतं आणि बांगड्याचा काटा आपण ताटात ठेवतो. सबंध चावून खायचे बारीक मासे, सुकट, त्यातून ते मिळतं. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम. दिवसाला सगळं धरून 1000 ते 1200 मिलिग्रॅम लागतं. रोज आंबील, भाकरी, दूध आणि मासे असतील तर गोळी कमी लागेल, पण आवशीचं ताट बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. सुकट खारवलेली असते, रक्तदाब असेल तर बेतानं. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. आपल्याकडे चार महिने ऊन नसतं आणि उरलेले आठ महिने बायका पदर डोक्यावर घेऊन फिरतात.

इनहिबिटर सुरू करताना हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करतात आणि पुढेही वर्ष-दोन वर्षांनी. ती प्रत्येक गावात होत नाही. मुंबईच्या किंवा बांबोळीच्या फेरीतच जमवून घ्या, वेगळा हेलपाटा नको. आणि रेल्वेनं जात असाल तर कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला तिकिटात मोठी सवलत असते, हॉस्पिटलकडून त्याचा फॉर्म भरून घ्या. कितीतरी लोक तुतारीला पूर्ण पैसे मोजून उभे जातात.

सुरंगी

हा फॉर्म मला माहीतच नव्हता. पुढच्या वेळी मागते. चिपळूण-गुहागरवाल्यांसाठी, डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातही कॅन्सर विभाग आहे, सगळ्या कामांसाठी मुंबई गाठायची गरज नसते.

पडवीतली

अपडेट. दिवाळीनंतरची तारीख झाली. गोळी बदलून अॅनास्ट्रोझोल दिलीय, व्यायामाचा कागद दिलाय. डेक्सा केली, कण्याचा टी-स्कोअर (हाडाच्या घनतेचा आकडा) उणे 2.2 आला, म्हणजे हाडं विरळ झालीयत. त्यावर झोलेड्रोनिक अॅसिड नावाचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी सलाइनमधून घ्यायला सांगितलंय. पण सासूबाईंची एक दाढ हलतेय, हे तिथं सांगायचं राहून गेलं. दाताचे डॉक्टर म्हणतात काढावी लागेल. आधी काय करायचं?

ओवळीचं_फूल

आधी दाढ. झोलेड्रोनिक अॅसिड घेतल्यावर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून भरून येत नाही. म्हणून दातांची सगळी कामं आधी उरकतात, जखम पूर्ण भरू देतात आणि मगच इंजेक्शन. हॉस्पिटलला फोन करून एवढंच सांगा: दाढ काढायची आहे, इंजेक्शनची तारीख पुढे हवी. ते देतील. अॅनास्ट्रोझोल मात्र चालूच ठेवायची, दाढेसाठी ती थांबवायचं कारण नाही.

इंजेक्शनआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतात का ते सांगणारं) आणि कॅल्शियम बघतात. त्या दिवशी पाणी भरपूर प्यायचं. पहिल्या खेपेनंतर एक-दोन दिवस ताप, अंग मोडून येणं होतं, पॅरासिटामॉलनं जातं.

केळशीकर

एक जोड. कुणाला याच कामासाठी डेनोसुमॅबचं सहा महिन्यांचं इंजेक्शन चालू असेल तर ते तारीख चुकवून बंद करायचं नाही. ते अचानक सोडलं तर हाडं झपाट्यानं विरळ होतात, मणके दबल्याची उदाहरणं आहेत. थांबवायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध देऊन थांबवतात. झोलेड्रोनिकला ही अडचण नाही.

पडवीतली

फोन केला. इंजेक्शन पुढे ढकललं, दाढ मंगळवारी शृंगारतळीला काढायची. नणंदेची तिसरी खेप चालू आहे, या वेळी सोनोग्राफीत बीज 19 मिलिमीटरचं दिसलं म्हणे. हे चांगलं का?

ओवळीचं_फूल

चांगलं. फुटायच्या बेतात आहे. पुढचं तिच्या डॉक्टरीणबाई सांगतील.